साधा रविवार

अर्जाच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता : 'पत्नीचे नाव'. त्याच्या खाली दुसरा : 'पत्नी सेवाकार्यात मदत करते काय?'

मी नाइट ड्यूटीवर होते. रात्रीचे तीन वाजले होते, वॉर्ड शांत होता, आणि औषधांच्या ट्रॉलीवर कागद ठेवून मी अर्ज भरत होते. 'पत्नी'वर काट मारली, वर 'पती' लिहिलं. खालच्या रकान्यातही तसंच केलं आणि पुढे उत्तर लिहिलं, 'होय, भाजी आणतात.' मग तेही खोडलं. धर्मशास्त्राच्या अर्जात थट्टा बरी नव्हे.

हे २०२२ सालच्या मे महिन्यातलं. मी महापालिकेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. राहणं परळला, नवरा बेस्टच्या डेपोत मेकॅनिक, मुलगी दहावीत, सासूबाई घरात. आमची मंडळी, म्हणजे चर्च, मराठी, सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची). चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. धर्मशास्त्राची पदविका बाहेरून करता येते, पंधरा दिवसांतून एक शनिवार मुंबईतच वर्ग असतो, हे मला एका पेशंटच्या नातेवाइकाकडून कळलं. देवळात वीस वर्षं जाऊन कळलं नव्हतं. देवळात ही माहिती तरुण मुलांना सांगतात.

अर्जाला दोन कागद जोडायचे होते : पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, शिफारसपत्र आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा ठराव. पाळकसाहेब भला माणूस. अर्ज नीट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मिस्टर काय म्हणतात?" मी म्हटलं, "मिस्टर म्हणतात, शनिवारी डाळभात तेच लावतील." त्यांनी पत्र दिलं.

पंचकमिटीत नऊ जण. सात पुरुष, दोन बाया. माझी तयारी वेगळीच होती. मला वाटलं होतं, आता कोणीतरी बायबलमधला प्रेषित पौल काढणार, त्याच्या पत्रातलं स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं ते वचन काढणार. दोन रात्री उत्तरं घोटली होती. शास्त्र कोणी काढलंच नाही. विचारलं ते एवढंच : "कशाला?" नोकरी पक्की आहे, पेन्शन आहे, कशाला? मुलीची दहावी आहे, या वर्षी कशाला? दोघी बायांपैकी एकीने प्रेमाने विचारलं, "अगं, महिला मंडळात तू बोलतेसच की, मग आणखी कशाला?" पौलाला उत्तर देता येतं. 'कशाला'ला काय देणार?

शेवटी एक काका सरळ बोलले. "उद्या म्हणशील दीक्षा पाहिजे, पाळक व्हायचंय." मी म्हटलं, "काका, आज फक्त सही पाहिजे."

ठराव झाला. 'मंडळीवर कोणताही आर्थिक अथवा अन्य बोजा पडणार नाही या अटीवर.' तो 'अन्य' बोजा कोणता, हे मी अजून शोधते आहे.

खरं तर दीक्षेला आमच्यात आज नियमाची आडकाठी नाही. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आमची उत्तर भारताची मंडळी झाली, आणि तिच्यात दीक्षित स्त्रिया आहेत. पण नियम दिल्लीत असतो आणि पंचकमिटी गल्लीत.

अर्ज टपालात टाकला त्या दिवशी आजीची आठवण आली. वडिलांची आई नेवासे तालुक्यात, वडाळा मिशनकडे बायबलबाई होती. (आमचं वडाळा ते. हार्बर लाइनवरचं निराळं.) खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमान आणि गीतांचं पुस्तक, आणि दिवसाला दोन-तीन वाड्या पायी. पुरुष शेतावर गेले की बायकांच्या ओट्यावर बसायचं, वाचून दाखवायचं, कोणाचं पोर आजारी असेल तर प्रार्थना करायची आणि वर काढाही सांगायचा. सगळं वहीत लिहायचं : किती घरं, किती बाया ऐकायला बसल्या. वर्षाच्या सभेत तिच्या वहीतले आकडे पाळक उभे राहून वाचायचे आणि ती मागच्या ओळीत बसून ऐकायची. एका वर्षी त्यांनी 'एकशे चाळीस' वाचलं. आजी उठली आणि म्हणाली, "दोनशे चाळीस." आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. पण आजी किती धीट होती म्हणून नाही, किती आगाऊ होती म्हणून.

वर्ग जूनमध्ये सुरू झाले. भायखळ्याला एक हॉल, सोळा विद्यार्थी, त्यात आम्ही पाच बाया. एक शिक्षिका, दोन गृहिणी, एक घाटकोपरची ब्यूटी पार्लरवाली आणि मी. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, ख्रिस्ती सिद्धांत, पाळकीय काम. शिकवणं मराठीत, पुस्तकं बरीचशी इंग्रजीत. नर्सिंगमुळे मला इंग्रजी वाचता येतं, पण ते रक्तदाबाचं इंग्रजी. 'देहधारणे'वरचं, म्हणजे देव माणूस झाला त्यावरचं, इंग्रजी वेगळं. पहिले चार महिने मी एका पानाला एक तास घेत होते.

शनिवार मोकळा मिळवणं हा अभ्यासाहून मोठा अभ्यास होता. वॉर्डात ड्यूटी बदलून मिळते, फुकट मिळत नाही. इतकी वर्षं माझा हिशेब ठरलेला होता : दिवाळीच्या नाइट मी करायची, नाताळला बाकीच्या मला सांभाळायच्या. आता दिवाळीही मीच केली आणि नाताळही. नाताळची सुट्टी मी शनिवारांना विकली म्हणा. दोन वर्षं २४ डिसेंबरच्या रात्री मंडळी देवळात गात होती आणि मी सलाइन बदलत होते.

सासूबाई सुरुवातीला फुगल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पुस्तकातून देव मिळाला असता तर लायब्ररीवाले सगळे तरले असते." मग एका रात्री मी यहूदाचे राजे पाठ करत होते आणि उज्जीयाच्या आधी अहाज घातला. त्यांनी अंथरुणातूनच चूक काढली. चौथी शिकलेली बाई, पण लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेलं सगळं जागच्या जागी. त्या रात्रीपासून त्या माझ्या परीक्षक झाल्या. दया अजिबात नाही. मोजूनमापून विचारायच्या आणि एक नाव चुकलं की पहिल्यापासून.

नवा करार शिकवायला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या, सुती साडी, कापडी पिशवी, ग्रीकवर विलक्षण हुकूमत. आम्हाला ग्रीक भाषा नव्हती, पण पंधरा-वीस शब्द तरी यायलाच पाहिजेत असा त्यांचा हट्ट. त्यातला एक दिआकोनोस, म्हणजे सेवक.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय मी आयुष्यात किती वेळा उलटून पुढे गेले असेन. नुसती नावंच आहेत. याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. त्यात पहिलंच नाव फिबीचं, किंख्रिया येथील मंडळीची सेविका. बाईंनी फळ्यावर लिहिलं : पौल स्वतःला जो शब्द लावतो तोच इथे फिबीला लावला आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात पौल 'मिनिस्टर' झाला आणि फिबी 'सर्व्हंट' राहिली. "मराठीने अन्याय केला नाही," बाई म्हणाल्या. "तो सेवक, ही सेविका. पण आता डोळे मिटा. 'सेवक' म्हटलं की कोण दिसतं? 'सेविका' म्हटलं की कोण दिसतं?"

पार्लरवाली पटकन म्हणाली, "अंगणवाडी सेविका." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "बरोबर," म्हणाल्या. "तीही गावात सगळ्यांना लागते आणि तिचंही मानधनच असतं, पगार नसतो."

मला आजीची पिशवी दिसली.

गप्प राहण्याचं वचन वर्गात आलंच. एका तरुण मुलाने काढलं, वाईट हेतूने नव्हे. त्याला खरंच अडचण वाटत होती. ते वचन करिंथकरांस पहिल्या पत्रातलं; बाईंनी त्यालाच त्या पत्राचा अकरावा अध्याय वाचायला लावला. त्याच पत्रात, तीन अध्याय आधी, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोकं झाकावं की झाकू नये यावर पौलाने केवढा खल केला आहे. "म्हणजे ती संदेश देते हे त्याने धरूनच चाललं आहे," बाई म्हणाल्या. "भांडण पदराचं आहे. आणि पदर काय, आपल्या बायका घेतातच." चौदाव्या अध्यायातलं ते वाक्य मग कुठून आलं, कोणाला उद्देशून आलं, यावर अभ्यासकांची अनेक मतं आहेत आणि बाईंनी ती सगळी सांगितली. स्वतःचं एकच मत आमच्या माथी मारलं नाही. मला ते आवडलं. गप्प बसवणाऱ्याला गप्प बसवायची त्यांना घाई नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही दीक्षा का नाही घेतली?" त्या ज्या पंथाच्या, तिथे स्त्रियांना दीक्षा नाही. त्यांच्या हाताखाली ग्रीक शिकून गेलेली कितीतरी मुलं आज नावापुढे रेव्हरंड लावतात. उपासनेत पुढे बसतात ती मुलं, आणि बाई बसतात चौथ्या-पाचव्या बाकावर. बाईंनी उत्तर दिलं नाही. डबा माझ्याकडे सरकवला. मेथीची भाजी होती.

मंडळीच्या इतिहासात मला निबंधाला पंडिता रमाबाई मिळाल्या. मी खूश झाले. वाटलं, हे तर माहीतच आहे. मला काय माहीत होतं? दर वर्षी महिला रविवारी रमाबाईंचा फोटो टेबलावर येतो, हार चढतो, आणि सोमवारी फोटो परत कपाटात जातो, हे माहीत होतं. १८८९ साली शारदा सदन आधी मुंबईत, चौपाटीजवळ उघडलं आणि मग पुण्याला गेलं, हे माहीत नव्हतं. इंग्लंडात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी आक्षेप घेतला होता, हे तर मुळीच माहीत नव्हतं. रमाबाईंनी उलट लिहिलं की माझ्या आईने किंवा मी पुरुषांना शिकवायला माझे वडील आणि माझा नवरा कधी आड आले नाहीत, आणि आता इंग्रज लोक आड येत आहेत, याचं नवल वाटतं. कीर्तन-पुराण सांगत देशभर फिरलेल्या घरातली मुलगी ती. तिला बोलायला परवानगी लागते ही कल्पनाच नवी होती. हे वाचून मी लोकलमध्ये एकटी हसले. समोरच्या बाईने पर्स जवळ घेतली.

आणि मग रमाबाईंनी भाषांतर केलेलं ते बायबल. हिब्रू आणि ग्रीकवरून, एकटीने, सोप्या मराठीत, वर्षानुवर्षं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायका छपाईचे खिळे जुळवायला शिकलेल्या. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या, छापलेलं पूर्ण बायबल १९२४ला आलं. आमच्या बाईंनी एक जुनी प्रत वर्गात आणली होती. मी पान उलटलं ते हात पुसून. निबंध लिहिला वीस पानांचा. १०० पैकी ६२ मिळाले. शेरा होता : 'भावना अधिक, संदर्भ कमी.' पहिल्यांदा राग आला. मग परत वाचला. शेरा खरा होता.

परीक्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन तास सलग लिहायची सवय गेलेली, अंगठा आखडायचा. ख्रिस्ती सिद्धांतात ३४ गुण मिळून नापास झाले, सहा महिन्यांनी परत बसले, निघाले. मुलगी तोवर बारावीला आली होती. घरात दोघींचे निकाल एकाच आठवड्यात. तिचे चांगले होते.

खरी परीक्षा शेवटी होती आणि ती प्रश्नपत्रिकेत नव्हती. प्रात्यक्षिक म्हणून आपापल्या मंडळीत तीन संदेश (प्रवचनं) द्यायचे, प्रत्येक वेळी कमिटीच्या सेक्रेटरीची सही घ्यायची. माझा पहिला संदेश जागतिक प्रार्थना दिनाला झाला, मार्चमधल्या पहिल्या शुक्रवारी. तो दिवस मुळात बायकांनीच सुरू केलेला, सगळी उपासना त्याच चालवतात. दुसरा महिला रविवारी. रमाबाईंचा फोटो शेजारी, हार चढलेला. तिसऱ्यासाठी सेक्रेटरीकाकांनी उदार मनाने मदर्स डे देऊ केला.

मी नको म्हटलं. आयुष्यात इतकं स्पष्ट 'नको' मी फार कमी वेळा म्हटलं आहे.

"मला साधा रविवार पाहिजे."

"साधा म्हणजे?"

"ज्या दिवशी कुणाचाच दिवस नाही तो."

काकांना ते खरोखर कळलं नाही, आणि मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. महिला रविवारी लोक ऐकतात कसं, ते सांगते. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वतःच्या पोराचा नाच बघावा तसं. सगळे हसतमुख. 'किती छान बोलली' म्हणतात. काय बोलली ते कोणाला आठवत नाही. चुकलं तर कोणी रागावत नाही. पाळकसाहेबांचा संदेश फसला तर घरी जाताना जिन्यातच सालटं काढतात.

साधा रविवार मिळायला वर्षाहून जास्त काळ लागला. कोणी नाही म्हटलं नाही. आधी लेंट, म्हणजे उपवासकाळ, होता. मग पाहुणे वक्ते होते. मग कापणीचा सण, मग बिशपांची भेट, मग आगमनकाळ, मग नाताळ. कॅलेंडरमध्ये इतके खास रविवार असतात हे मला तेव्हाच कळलं.

मधेच, २०२४ साली, आमच्या उत्तर भारताच्या मंडळीला पहिली स्त्री बिशप मिळाली. ओडिशात, फुलबनीला, वायलेट नायक. दक्षिण भारताच्या मंडळीत पुष्पा ललिता २०१३ सालीच बिशप झाल्या होत्या; आम्हाला अकरा वर्षं जास्त लागली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला, त्याखाली फुलं, हात जोडलेले, हालेलुया. सगळ्यात जास्त फुलं सेक्रेटरीकाकांची. मी त्यांना फोन लावला. "काका, ओडिशात बिशप झाली. मला जुलैतला एक रविवार मिळेल का?" ते मनापासून हसले आणि म्हणाले, "बघू."

मिळाला तो हक्काने नाही, बदलीवर. २०२५च्या ऑगस्टमध्ये एका गुरुवारी रात्री पाळकसाहेबांचा फोन आला. शेजारच्या मंडळीचे पाळक आजारी, तिथे प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, ठरलेलं आणि तो दीक्षित माणसानेच करायचा, म्हणून त्यांना तिकडे जावं लागणार. "सिस्टर, रविवारी ड्यूटी काय आहे?" मी म्हटलं, दुपारची. "मग सकाळी संदेश द्याल?" नर्सला ही भाषा कळते. रिलीव्हर आली नाही तर जी हाताशी आहे ती. आमच्याकडे प्रभुभोजन पहिल्या रविवारी असतं आणि हा तिसरा होता, म्हणून दीक्षित माणसाची गरज नव्हती. असे सगळे योग जुळले. कॅलेंडरमध्ये पाहिलं : पेंटेकॉस्ट सणानंतरचा दहावा रविवार. बाकी काही नाही.

मी बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा पहिला अध्याय घेतला. इब्री, म्हणजे इस्राएली, सुइणी, शिप्रा आणि पुवा. सात वर्षं प्रसूतिकक्षात काढली आहेत मी. या दोघींना मी ओळखते. इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका असा मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचा हुकूम. त्या मारत नाहीत. राजा जाब विचारतो तेव्हा सांगतात, इब्री बायका दणकट असतात हो, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात. हे उत्तर वाचताना पहिल्यांदा मी मोठ्याने हसले होते. 'टॅक्सीतच झालं, सिस्टर' हे मी किती वेळा ऐकलंय आणि किती वेळा, गरजेपुरतं, वर कळवलंय! आणि एक गोष्ट बाईंनी दाखवली होती : त्या गोष्टीत सुइणींची नावं आहेत, राजाचं नाव नाही. तो नुसता फारो. कोणता फारो, यावर पंडित अजून वाद घालतात.

आदल्या दिवशी दहीहंडी झाली होती आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. हिंदमाताला पाणी. चप्पल हातात घेऊन देवळात पोचले. एकतीस माणसं होती, मी मोजली. नर्सची सवय, हजेरी घेतल्याशिवाय ड्यूटी सुरू होत नाही. सासूबाई पहिल्या बाकावर, नेहमी तिसऱ्यावर बसतात.

सेक्रेटरीकाका सूचना सांगायला उभे राहिले. "आज आपल्याला संदेश देतील..." आणि थांबले. पाळक म्हणता येईना, महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणायची सोय नव्हती, कारण तो दिवस नव्हता. मराठीत मास्तरीण म्हणजे आधी मास्तरांची बायको, मग स्वतः शिकवणारी. डॉक्टरीणबाईंचंही तसंच. पाळकीण अजून बायकोपाशीच अडकली आहे. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "...सिस्टर देतील." वॉर्डात मारतात तीच हाक. चालली मला.

पोडियम पाळकसाहेबांच्या उंचीचा, माईक माझ्या कपाळासमोर. तो वाकवायचं सुचलं नाही, मीच टाचा उंचावून बोलले. पहिली पाच मिनिटं आवाज कापत होता. मग टॅक्सीचं सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचे दोन मुलगे हसले, आणि त्यांच्या शेजारच्या काकांनी, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी 'उद्या दीक्षा म्हणशील' म्हटलं होतं, डोळे उघडले. नंतर एकदा त्यांनी मान हलवली, नाही अशी. काहीतरी पटलं नव्हतं. मी अडखळले आणि पुढे गेले.

उपासनेनंतर चहाला ते मला गाठायला आले. "ते खोटं बोलल्या त्या," म्हणाले. "सुइणी. राजाशी खोटं बोलल्या आणि देवाने त्यांचं भलं केलं असं तू सांगितलंस. दहा आज्ञांचं काय मग?" मी म्हटलं, दहा आज्ञा अजून यायच्या होत्या, एकोणीस अध्याय पुढे आहेत. ते म्हणाले, ही पळवाट झाली. मी म्हटलं, जीव वाचवायला बोललेलं खोटं आणि... ते म्हणाले, कुठे लिहिलंय? आम्ही दोघं पावसाच्या झडीत व्हरांड्यात उभे राहून पंधरा मिनिटं भांडलो. त्यांनी एकदाही 'किती छान बोललीस' म्हटलं नाही.

सेक्रेटरीकाकांनी फॉर्मवर तिसरी सही केली. शाई पसरली, कागद दमट होता. "एकवीस मिनिटं झाली," म्हणाले. "पाळकसाहेब अठरात संपवतात. चहा गार झाला बघ."

दोनची ड्यूटी होती. सासूबाईंना शेजारणीच्या स्वाधीन केलं, फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि निघाले.